पूर की लावणीचे पाणी? कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उपग्रह प्रतिमांची कसोटी

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या पश्चिमेस सुमारे सहा किलोमीटरवर, स्वामीमलैच्या शेजारी तिरुवलंचुळी हे लहानसे गाव आहे. तमिळ भाषेत ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळि’ म्हणजे भोवरा किंवा वळसा. कावेरी येथे उजवीकडे वळली म्हणून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. स्थानिक आख्यायिकेनुसार नदी येथील एका विवरात लुप्त झाली होती. हेरंड ऋषींनी त्या विवरात देह अर्पण केला, तेव्हा ती पुन्हा वर आली आणि वळसा घेऊन पुढे गेली. गावातील कपर्दीश्वराचे मंदिर आणि तेथील श्वेत विनायक यांच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येतात. अप्पर आणि संबंदर या शैव संतकवींनी गौरविलेल्या स्थळांमध्ये या मंदिराची गणना होते.

आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला, तरी नदी वाट बदलते, नाहीशी होते आणि अनपेक्षित ठिकाणी वर येते हा त्रिभुज प्रदेशाचा अनुभव आहे. तिरुवलंचुळी ज्या अरसलार नदीच्या काठी वसले आहे, ती कावेरीचीच एक शाखा असून ती कारैक्कालजवळ समुद्राला मिळते. कुंभकोणम परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंचीवर आहे आणि समुद्र पूर्वेस पन्नासेक किलोमीटरवर आहे. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम अर्ध्या मीटरचा उतार. अशा सपाट प्रदेशात पाणी धावत येत नाही. ते पसरते आणि दिवसेंदिवस साचून राहते. बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपले शेत आणि फार तर शेजारचे शेत दिसते. पाणी नेमके कोठवर पोहोचले आहे, हे पाहायचे तर उंचावरूनच पाहावे लागते.

नैसर्गिक आपत्तीच्या व्यवस्थापनात हवाई छायाचित्रे व उपग्रह प्रतिमा यांचे महत्त्व येथूनच सुरू होते, आणि कावेरीच्या खोऱ्यात त्यांची खरी अडचणही येथेच उभी राहते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या भागातील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. चक्रीवादळे आणि पूर याच महिन्यांत येतात, आणि याच महिन्यांत सांबा हंगामाचे भात शेतात उभे असते. भाताच्या खाचरांत शेतकऱ्याने स्वतः पाणी बांधून ठेवलेले असते. उपग्रहाला खाली पाणी दिसते. ते पाणी पिकाला जगवणारे आहे की बुडवणारे, हे त्या प्रतिमेतून आपोआप कळत नाही. शेतकऱ्याला मिळणारी मदत, विम्याची भरपाई आणि पुढच्या पेरणीचे भांडवल मात्र नेमके याच उत्तरावर अवलंबून असते.

कालव्यांचा प्रदेश

कावेरीचे पाणी वाटून घेण्याची येथील व्यवस्था फार जुनी आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा बंधारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांनी कोळ्ळिडम व कावेरी यांच्यातील पाणीवाटपासाठी नवी बांधकामे केली. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता ९३.४७ अब्ज घनफूट असून पाण्याची पूर्ण पातळी १२० फूट आहे. धरणात पुरेसा साठा असल्यास १२ जून रोजी दरवाजे उघडून त्रिभुज प्रदेशाला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. त्या पाण्यावर कमी मुदतीचे कुरुवै भात घेतले जाते. त्यानंतर दीर्घ मुदतीचे सांबा, किंवा कुरुवैच्या कापणीनंतर त्याच शेतात ताळडी.

मराठी वाचकाला हा प्रदेश अपरिचित नाही. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला स्थापन केलेली सत्ता १८५५ पर्यंत नावाने टिकली. तिचा डोलारा याच खाचरांतील भाताच्या उत्पन्नावर उभा होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदपत्रांचा मोठा संग्रह आजही जपलेला आहे.

आता महसूल खात्यात गावपातळीवर ग्राम प्रशासन अधिकारी हे काम पाहतो. महाराष्ट्रात तलाठ्याकडे असलेली बहुतेक कामे त्याच्याकडे असतात. कोणत्या शेतात कोणते पीक आहे याची नोंद तो ‘अडंगल’ नावाच्या नोंदवहीत ठेवतो. आपल्याकडील सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीचे हे तमिळ भावंड. अवकाशातील प्रतिमा कितीही स्पष्ट असली, तरी शेवटी ती या नोंदवहीतील गट क्रमांकाशी जुळवावी लागते. मदतीचा पैसा चित्रातील ठिपक्याला मिळत नाही. तो नोंदीतील शेतकऱ्याला मिळतो.

पतंगापासून उपग्रहापर्यंत

आपत्तीचे दृश्य उंचावरून टिपण्याचा प्रयत्न विमानांपेक्षा जुना आहे. १९०६ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, तेव्हा जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराने पतंगांच्या माळेला जड कॅमेरा टांगून संपूर्ण शहराचे विहंगम छायाचित्र घेतले होते. पुढे विमानांतून पद्धतशीर हवाई सर्वेक्षण सुरू झाले. भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोडण्यात आला. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हे भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अंग असून आपत्तीच्या काळात उपग्रहांकडून आलेल्या माहितीचे नकाशे तयार करण्याची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे आहे. हैदराबादजवळच्या शादनगर येथे उपग्रहांचे संदेश उतरवून घेतले जातात. ‘भुवन’ हे या केंद्राचे नकाशा-संकेतस्थळ २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे.

देशाबाहेरूनही मदत मिळते. मोठ्या आपत्तीच्या वेळी विविध देशांच्या अवकाश संस्थांनी आपल्या उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य द्याव्यात, असा आंतरराष्ट्रीय करार १ नोव्हेंबर २००० पासून अमलात आला. भारतीय अवकाश संशोधन संस्था २००१ मध्ये त्यात सहभागी झाली. त्यामुळे भारतातील पुराची प्रतिमा युरोपच्या किंवा जपानच्या उपग्रहाकडून येऊ शकते, तसेच भारतीय उपग्रहाने टिपलेली प्रतिमा अन्य देशातील भूकंपग्रस्तांच्या कामी येते. अवकाशातील माहितीचा लाभ विकसनशील देशांपर्यंत पोहोचावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २००६ मध्ये यूएन-स्पायडर हा स्वतंत्र कार्यक्रम स्थापन केला.

या प्रतिमांची ताकद भारतात ठळकपणे दिसली ती ऑगस्ट २००८ मध्ये. नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला आणि नदी आपले पात्र सोडून बिहारमध्ये पूर्वेकडे शंभराहून अधिक किलोमीटर सरकली. ती कोणत्या वाटेने वाहते आहे, हे जमिनीवरून एकाच वेळी पाहणे कोणालाही शक्य नव्हते. आधीच्या व नंतरच्या उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवल्यावर नदीची नवी वाट डोळ्यांसमोर आली.

ढगांच्या आड

उपग्रहावरील साधा कॅमेरा सूर्यप्रकाशात पाहतो. रिसोर्ससॅट मालिकेतील भारतीय उपग्रहांवर असे तीन प्रकारचे कॅमेरे आहेत. सर्वांत रुंद पट्टा पाहणारा कॅमेरा सुमारे ५६ मीटरचा एक ठिपका करून प्रदेश टिपतो आणि पाच दिवसांनी त्याच जागी परत येतो. सर्वांत बारकाईने पाहणारा कॅमेरा सुमारे ५.८ मीटरपर्यंतचा तपशील देतो. मात्र तो अरुंद पट्टाच पाहतो. दुष्काळ, वणवा, भूस्खलनाचे व्रण, पडलेली घरे यांसाठी या प्रतिमा उत्तम ठरतात. पुराच्या वेळी मात्र आकाश ढगांनी झाकलेले असते, आणि नेमक्या हव्या त्या दिवशी या कॅमेऱ्यांना खाली पांढरा कापूस सोडून काही दिसत नाही.

यावर उपाय रडारचा. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि जमिनीवरून परतणाऱ्या लहरी मोजते. त्यामुळे त्याला रात्र आणि ढग यांचा अडथळा होत नाही. रडार उपग्रह जमिनीकडे तिरके पाहतो. शांत पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असल्याने लहरी त्यावर आपटून पलीकडे निघून जातात आणि प्रतिमेत पाणी काळे दिसते. खडबडीत माती, झाडे आणि घरे लहरी सर्व दिशांना परतवतात. ती उजळ दिसतात. काळा भाग म्हणजे पाणी, असे ढोबळमानाने म्हणता येते.

पण ढोबळमानानेच. सह्याद्रीसारख्या डोंगराळ प्रदेशात डोंगराची रडार-सावलीही काळी दिसते. सोसाट्याचा वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी उजळ होते. दाट वस्तीत भिंतींमुळे लहरी उलटसुलट परततात, त्यामुळे शहरातील रस्त्यावर गुडघाभर पाणी असले तरी ते सहज निसटते. शिवाय पाण्यातून वर डोकावणारे पीक असेल, तर लहर आधी पाण्यावर, मग पिकाच्या ताटांवर आपटून थेट उपग्रहाकडे परत जाते आणि पाण्याखालची जमीन काळी दिसण्याऐवजी नेहमीपेक्षा अधिक उजळ दिसते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या उसाच्या फडांत हीच अडचण येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहांच्या आधारे पूरक्षेत्राचे नकाशे तयार केले होते. उघड्या पाण्याची व्याप्ती अशा नकाशांत चांगली उमटते. पुरुष-दोन पुरुष उंचीच्या उसाखाली साचलेले पाणी तितक्या खात्रीने उमटत नाही.

भारताने स्वतः बनवलेला पहिला रडार प्रतिमा उपग्रह रिसॅट-१ हा एप्रिल २०१२ मध्ये अवकाशात गेला. त्याचे कार्य संपल्यानंतर त्याच जातीचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडण्यात आला. मधल्या काळात युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या विनामूल्य प्रतिमांचा भारतीय संशोधकांना मोठा आधार मिळाला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह ‘निसार’ कक्षेत पाठवण्यात आला. त्यावर दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची रडारे आहेत. त्यांपैकी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची लहर झाडांच्या पानांतून बरीच आत शिरते. म्हणून दाट पिकाखालचे पाणी ओळखण्यास ती अधिक उपयुक्त आहे. हा उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो.

खाचरातील पाण्याचा पेच

तिरुवलंचुळीच्या आसपासच्या शिवारात हा सगळा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. लावणीच्या वेळी खाचरात काही सेंटिमीटर पाणी असते आणि रोपे कोवळी असतात. रडारला ते शेत तळ्यासारखे काळे दिसते. पुढे रोपे फुटवे धरतात, दाट होतात, आणि तेच शेत दर आठवड्याला अधिकाधिक उजळत जाते. ओंब्या भरल्यावर हा चढ थांबतो. म्हणजे काळ्यापासून उजळापर्यंतचा हा प्रवास हीच भाताची ओळख आहे. एका दिवसाची एक प्रतिमा पाहून पूर आणि लावणी यांत फरक करता येत नाही. हंगामाच्या सुरुवातीपासूनच्या प्रतिमा क्रमाने मांडल्या, तर जे शेत उजळत चालले होते आणि अचानक पुन्हा काळे झाले, तेथे पीक पाण्याखाली गेले, असा तर्क करता येतो. अर्थात लावणी नेमकी केव्हा झाली हे ठाऊक असेल तरच.

या प्रदेशात लावणी एकाच दिवशी होत नाही. कालव्याच्या मुखाजवळच्या गावांना पाणी आधी मिळते, शेपटाकडच्या गावांना उशिरा. एकाच गावात एका शेतात कापणीला आलेले कुरुवै, शेजारी नुकतेच लावलेले सांबा आणि त्यापलीकडे ताळडीची रोपवाटिका असे चित्र ऑक्टोबरमध्ये असू शकते. सलग पावसाचे पाणी भरले, तर कुरुवैच्या लोंब्या आडव्या होऊन दाण्याला कोंब फुटतात. नुकतीच लावलेली रोपे कुजतात. पण महिन्याभराचे, कमरेपर्यंत वाढलेले सांबा काही दिवसांचे पाणी सोसूही शकते. एकच पूर शेजारच्या तीन शेतकऱ्यांचे तीन वेगवेगळे नुकसान करतो. उपग्रहाला मात्र तिन्ही ठिकाणी पाणीच दिसते.

भाताच्या रडार-मोजणीचे भारतातील एक महत्त्वाचे काम तामिळनाडूतच झाले. कोइम्बतूरचे तामिळनाडू कृषी विद्यापीठ आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी इतर भागीदारांसह ‘राइस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात रडार प्रतिमांवरून भाताखालील क्षेत्र, लावणीची वेळ आणि अपेक्षित उत्पादन काढण्याची पद्धत बसवली. २०१६ मध्ये ईशान्य मोसमी पाऊस मोठ्या प्रमाणावर चुकला आणि मेट्टूरचे पाणीही अपुरे पडले. त्या हंगामात पेरणीच होऊ न शकलेली किंवा करपलेली क्षेत्रे दाखवण्यासाठी या प्रतिमांचा वापर राज्यातील पीक विम्याच्या कामात झाला. दुष्काळाच्या बाबतीत रडारचे काम तुलनेने सोपे असते: जे शेत लावणीच्या वेळी काळे झालेच नाही, तेथे भात लागलाच नाही. पुराचे गणित याच्या उलट आणि कितीतरी कठीण आहे.

ही अडचण सरकारी धोरणातही उमटली. पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतात पाणी साचून होणारे नुकसान हे ‘स्थानिक आपत्ती’ म्हणून स्वतंत्रपणे भरपाईस पात्र होते. २०१८ मध्ये भात या तरतुदीतून वगळण्यात आला. पाण्यातच वाढणाऱ्या पिकाचे पाण्याने झालेले नुकसान मोजणे अवघड आहे आणि त्यामुळे चुकीचे दावे होण्याची शक्यता आहे, हे त्यामागचे कारण होते. कागदावर युक्तिवाद बिनचूक असला, तरी किनारपट्टीच्या आणि नदीकाठच्या भातउत्पादकाला त्याच्या सर्वांत मोठ्या जोखमीपासूनच त्यामुळे वंचित राहावे लागले. परिसरातील सरासरी उत्पादन घटले तरच त्याला भरपाई मिळे. एका बाजूची शेते बुडाली आणि दुसऱ्या बाजूची बहरली, तर सरासरीत बुडालेला शेतकरी हरवून जाई. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने भाताच्या जलमग्नतेचा पुन्हा समावेश करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२६ च्या खरिपापासून तो लागू करण्याचे ठरले. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत शेतकऱ्याने विमा ॲपवर स्थळनिर्देश असलेली छायाचित्रे टाकून ते कळवायचे आहे.

७२ तास आणि १२ दिवस, या दोन आकड्यांमध्ये या विषयाचे मर्म आहे. एखादा उपग्रह पूर आल्याच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरून जाईल की दहाव्या, हे पुराच्या हाती नाही आणि शेतकऱ्याच्याही नाही. अनेक देशांचे उपग्रह एकत्र मोजले तर ही प्रतीक्षा कमी होते. तरीही तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलेल्या शेताची आठव्या दिवशीची प्रतिमा निर्दोष दिसू शकते, आणि रोपे मात्र तोवर कुजलेली असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. २०१५ पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती. ३३ आणि ३० टक्क्यांतला फरक कोणताही उपग्रह एकट्याने सांगू शकत नाही. तो शेतात उतरून मोजावा लागतो.

गज चक्रीवादळाचा धडा

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ हे तीव्र चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. या वादळाने उपग्रहांची दोन वेगवेगळी कामे एकाच आठवड्यात समोर आणली. पहिले काम वादळापूर्वीचे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी स्थिर वाटणारे इन्सॅट-३डी व इन्सॅट-३डीआर हे उपग्रह बंगालच्या उपसागरावर सतत नजर ठेवून होते. दोघांच्या मिळून दर पंधरा मिनिटांनी ढगांच्या प्रतिमा येत असतात. समुद्रावरील वाऱ्याची दिशा व वेग स्कॅटसॅट-१ मोजत होता. भारतीय हवामानशास्त्र विभागाने वादळाचा मार्ग आधीच वर्तवला आणि किनाऱ्यावरील हजारो लोकांना निवारा केंद्रांत हलवण्यात आले. १४ वर्षांपूर्वी, २६ डिसेंबर २००४ रोजी, याच नागपट्टिनम जिल्ह्यात त्सुनामीने सुमारे सहा हजार लोकांचा बळी घेतला होता. तेव्हा कोणताही इशारा मिळाला नव्हता. त्सुनामीचा इशारा देणारे भारतीय केंद्र हैदराबाद येथे २००७ मध्ये सुरू झाले.

दुसरे काम वादळानंतरचे, आणि तेथे चित्र वेगळे होते. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुक्कोट्टै व पेरावुरणी भागातील नारळाच्या बागा ‘गज’ने अक्षरशः आडव्या केल्या, लाखो झाडे पडली. नारळाचे झाड लावल्यापासून भरघोस उत्पन्न मिळेपर्यंत सात-आठ वर्षे जातात, म्हणून हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. येथे पाणी शोधायचे नव्हते, झाडे मोजायची होती. पाच मीटरच्या ठिपक्यात नारळाच्या एका झाडाचा शेंडा नीट मावतही नाही आणि वेगळाही दिसत नाही. एक मीटरहून बारीक तपशील देणाऱ्या प्रतिमा किंवा कमी उंचीवरून उडणारे ड्रोन असतील, तरच उभे झाड आणि पडलेले झाड वेगळे ओळखता येते. बागेचे विहंगम नुकसान उपग्रहाने दाखवले, पण झाडागणिक भरपाईची यादी माणसांनाच बागेत फिरून करावी लागली.

मळीण, इर्शाळवाडी आणि पहिली बातमी

महाराष्ट्राचा अनुभव याला आणखी एक बाजू जोडतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील मळीण गाव दरडीखाली गाडले गेले. ती बातमी उपग्रहाने दिली नाही आणि विमानानेही नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा डोंगर दिसला आणि त्याच्यामुळे जगाला कळले. दीडशेहून अधिक लोक तेथे मृत्युमुखी पडले. उपग्रह प्रतिमांतून दरडीची लांबी, उगम आणि उतार यांचा अभ्यास नंतर झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर वापरता आले नाही आणि बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला.

अशा ठिकाणी प्रतिमांचे मोल घटनेआधीच्या काळात अधिक आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूस्खलन नकाशासंग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींची नोंद असून १७ राज्ये व दोन केंद्रशासित प्रदेशांतील १४७ जिल्ह्यांच्या जोखमीचा क्रम लावलेला आहे. रडार प्रतिमांच्या जोड्या एकमेकींशी ताडून जमीन काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर सरकल्याचेही कळू शकते. ‘निसार’कडून यासाठी मोठी अपेक्षा आहे.

उंचीचा हिशेब

कावेरीच्या सपाट प्रदेशात मात्र घटनेआधीचा नकाशा तयार करणे हेच मोठे आव्हान आहे. पाणी कोणत्या गावात आधी शिरेल, हे सांगायचे तर जमिनीची उंची नेमकी ठाऊक हवी. कार्टोसॅट-१ च्या जोडप्रतिमांवरून तयार केलेले भारताचे उंची-प्रारूप सुमारे ३० मीटरच्या अंतराने उंची देते, परंतु त्यात आठ मीटरपर्यंतची चूक असू शकते. हिमालयात आठ मीटरने काही बिघडत नाही. तिरुवलंचुळीपासून पूर्वेकडे आठ मीटर उतरायचे, तर सोळा किलोमीटर चालावे लागेल. त्या अंतरात डझनभर गावे, तितकेच कालवे आणि असंख्य बांध येतात. तेथे पाण्याची वाट हातभर उंचीच्या बांधावरून ठरते. रस्त्याचा भराव, रेल्वेमार्ग, बुजलेला ओढा, बंद राहिलेला एखादा मोरीचा दरवाजा यांमुळे एक गाव बुडते आणि शेजारचे कोरडे राहते.

यावर विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर किरणांनी केलेली उंची-मोजणी हा आज उपलब्ध असलेला चांगला मार्ग आहे. तिच्यातील चूक काही सेंटिमीटरांवर येते. ती खर्चीक असते, पण जमीन दरवर्षी मोजावी लागत नाही. ड्रोनचा वापर सुलभ करणारे नियम देशात ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. तथापि वादळी वाऱ्यात लहान ड्रोन उडू शकत नाही, आणि त्याची बॅटरी बहुधा तासभरही टिकत नाही. त्याचे खरे काम वादळ शमल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचे.

जमिनीवरून वर जाणारी माहितीही आता वाढते आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतः आपल्या पिकाचे छायाचित्र स्थळनिर्देशासह नोंदवतो. पीक विमा योजनेत भात व गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज काढताना २०२३ च्या खरिपापासून दूरसंवेदनाधारित अंदाजाला ३० टक्के भार देण्यास सुरुवात झाली; उरलेला भार शेतात प्रत्यक्ष केलेल्या पीककापणी प्रयोगांचा आहे. लावणीची तारीख गट क्रमांकासह नोंदली गेली, तर रडारच्या प्रतिमेतील काळ्या ठिपक्याचा अर्थ लावणे सोपे होते. त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. अडंगलात एक रकाना वेळेवर भरावा लागतो.

तिरुवलंचुळीच्या परिसरात कुरुवैची कापणी आणि ईशान्य मोसमी पावसाचे आगमन दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जवळजवळ एकाच सुमारास येतात. कापलेले भात त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला आणि शासकीय खरेदी केंद्रांच्या आवारात वाळत घातलेले असते. पाऊस आला की ताडपत्र्या टाकून ते झाकले जाते. ताडपत्रीखालचे धान्य भिजले की नाही, हे आजवरच्या कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी केंद्रावर जाऊन, मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा मोजावा लागतो.